दादाचे राहिलेले दोन क्रेडिट

ऐका रे, कालपासून माझं डोकं सुन्न आहे. आईला दादाच्या फोटोशेजारी त्याची पदवी लावायची होती, म्हणून मी पनवेलला त्याच्या कॉलेजात गेलो. ऑफिसातल्या मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

“सगळे पेपर सुटलेत, पण समाजसेवेचे दोन क्रेडिट बाकी आहेत. त्याशिवाय पदवी नाही. त्यालाच पाठव.”

“कसा पाठवू? गेल्या महिन्यात पळस्प्याला ट्रेलरखाली गेला तो.”

मॅडमचा हात माउसवरच राहिला.

“बाकीचं मी करतो ना,” मी म्हणालो. “मी बंदरात कामाला आहे. तिथं आमच्यातला माणूस गेला, की त्याच्या जागी त्याचा भाऊ कामाला लागतो. झाडं लावायची की गटार साफ करायचं, फक्त सांगा.”

“अरे, ते ज्याचं त्यानेच करायचं असतं. दुसऱ्याने केलेलं चालत नाही.”

माझं टाळकं सटकलं. टेबलावर हात आपटून ओरडलो, “त्याचे पिंड मी ठेवले, ते पोचले ना त्याला? मग मी लावलेली झाडं का नाय पोचणार?”

मॅडमनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली. मग हळूच म्हणाल्या, “तिथे वर हजेरी घेत नाहीत रे, बाळा.”