कंपनीचा लॅपटॉप, कंपनीची वीज

नाव सहीप्रमाणे, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी (विमा कंपनीत दावे तपासणे), राहणार थोरल्या दिरांच्या घराचा वरचा मजला.

ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर होऊन जबाब देते की, मी वरील ठिकाणी पती व सासूबाईंसह राहते. खाली थोरले दीर व जाऊबाई राहतात. दोन्ही मजल्यांना मीटर एकच असून बिल निम्मे निम्मे भरतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीने आमची बसायची जागा बंद करून आम्हाला घरून काम दिले. लॅपटॉप कंपनीचा आहे. त्याची बॅटरी मेलेली असून प्लग काढला की तो बंद पडतो. नवी बॅटरी मागितली, मिळाली नाही.

माझ्या लॅपटॉपमुळे बिल वाढले असे दिरांचे म्हणणे आहे. खाली गीझर दिवसभर चालू असतो, त्याचे नाव कोणी काढत नाही. सासूबाई माझ्या बाजूने आहेत, पण मोठ्याने नाहीत.

विजेचा खर्च कंपनीने द्यावा म्हणून मी अर्ज केला. व्यवस्थापक फोनवर हसले व म्हणाले, "अहो मॅडम, लॅपटॉपला वीज ती केवढी लागते?" तेच मी घरी सांगितले. दीर म्हणाले, "एवढीशीच लागते, तर कंपनी देत का नाही?" मृदंगासारखा दोन्हीकडून मार खाऊन मी वैतागले आहे.

काल सकाळी दिरांनी वरच्या मजल्याचा फ्यूज काढून खिशात घातला व ते बाहेर निघून गेले. एका बाईच्या ऑपरेशनचा दावा दुपारपर्यंत तपासून पाठवायचा होता, नाहीतर तिचे ऑपरेशन पुढे ढकलले गेले असते. म्हणून मी लॅपटॉप उचलून कंपनीच्या इमारतीत गेले. जिन्याखाली लादी पुसायच्या बादलीशेजारी प्लगची जागा मोकळी होती. तिथे पायरीवर बसून दावा पाठवला. वॉचमनने ओळखले व खुर्ची आणून दिली.

तेवढ्यात व्यवस्थापक खाली आले. घरून काम करणाऱ्यांनी इमारतीतली वीज वापरायची नाही, असे म्हणून त्यांनी चोरीची तक्रार दिली. चोरी ठरली तर माझी नोकरी जाईल, हेही त्यांनीच ऐकवले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. हे वाक्य जबाबात नको असे हवालदारांचे म्हणणे होते, मी आग्रहाने लिहायला लावले आहे.

वीज वापरली हे मला मान्य आहे. लोकांच्या नुकसानीची किंमत ठरवणे हेच माझे काम आहे, आणि किंमत न लिहिलेला दावा आम्ही परत पाठवतो. कंपनीच्या तक्रारीत चोरीला गेलेल्या विजेची किंमत कुठेच नाही. ती कंपनीने सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावी. मी इथेच भरते. मग त्याच दराने कंपनीने माझी दोन वर्षे मोजावी.

हवालदारांनी माझ्यासमोर व्यवस्थापकांना फोन लावून किंमत विचारली. विचारून सांगतो म्हणाले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितला तसाच उतरला आहे. त्यांचा फोन येईपर्यंत मी बाकावर बसून आहे.

(सही)