उसनी धूळ

हसू नका, पण सासरी माझं नाव झालं ते धुळीमुळे. पुण्याच्या कॉलेजातून मी थेट अकोले तालुक्याच्या डोंगरात नांदायला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात वाटेवरची धूळ चाळून, राख मिसळून रांजणात भरली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आळीभर सांगत सुटल्या, "लोकं भात साठवत्यात, आमची सून धूळ साठवती!"

श्रावणात सगळा चिखल. कोंबड्यांना लोळायला कोरडी जागा उरली नाही आणि त्यांच्या अंगात उवा झाल्या. माझी लाडकी तांबडी अंडी द्यायची थांबली. आत्याबाई म्हणाल्या, "श्रावण सरू दे, मग हिचा रस्सा."

कोंबड्या धुळीत लोळून उवा घालवतात, हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. पडवीत जुन्या घमेल्यात धूळ ओतून मी तांबडीला त्यात सोडलं. तिनं अंग टाकलं, पाय ताणले, डोळे मिटले. मी किंचाळले, "आत्याबाई, मेली!"

त्या धावत येऊन वाकल्या, तोच तांबडीनं पंख झाडले. आत्याबाई धुळीनं पांढऱ्याफटक! "मेली कुठं? अंघूळ करतीया ती, येडे!"

श्रावण सरायच्या आत तांबडीनं अंडं दिलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या चंद्राकाकू सूप घेऊन दारात. "सूनबाई, थोडी धूळ देतीस का? माझ्या कोंबड्या लई बेजार हायेत."

मी बोलायच्या आत आत्याबाईंनी रांजण उघडला, सूप भरलं, वरून हात फिरवून सपाट केलं.

"उसनी देतीया, चंद्रे. उन्हाळ्यात परत आन, आन चाळून आन. आमची सून कॉलेजात शिकल्याली हाय, तिला खडा चालत न्हाई."