घुंगरू मिटले तेव्हा

मी मूळची पिंपळनेरकडची, भाऊ, साक्री तालुक्यातली. बाप लवकर गेला, मायनं बकऱ्या राखून आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. सकाळी बुद्धवंदना झाली की म्हणायची, तू शिक पोरी, बकऱ्या मी देखस. मग मी बारावी सायन्स केलं, आयटीआय केलं, लग्न होऊन जळगावला आले आणि औद्योगिक वसाहतीत सगळ्या कारखान्यांचं घाण पाणी साफ करायचा सामाईक प्लांट आहे, तिथल्या लॅबमध्ये लागले. एकोणीस वर्षं झाली. सासू चारचौघींत म्हणे, आमची सून गटारीत नोकरी करते. मी म्हणे, हो, करते, आणि तिथला पगार घरात आणते.

काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं पाणी मशिन साफ करतं. मशिन नुसती हवा फुंकतं हो. साफ करतात ते जिवाणू, त्या चॉकलेटी गाळात बसलेले असतात, घाण खातात, वाढतात, खाली बसतात आणि वर निवळ पाणी उरतं. ते खुशीत असले की गाळाला ओल्या शेताचा वास येतो, तुम्ही हसा, पण येतो. मी रोज सकाळी एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरते. जिवाणू फार बारीक, पण त्यांच्यात राहणारे थोडे मोठे जीव असतात, देठावर घंटी लावल्यासारखे, तोंड उघडून डुलत असतात. लॅबच्या आधीच्या मॅडमनी त्यांचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, मी घुंगरूच म्हणते. घुंगरू उघडे, तर प्लांट ठीक.

तर एका मंगळवारी पाहते तर बठ्ठे घुंगरू मिटलेले, एकूण एक. देठ गुंडाळलेले, हालचाल नाही, काही तर फुटलेले. टाकीवर पांढरा फेस. काचेच्या नळकांड्यात गाळ भरून अर्धा तास ठेवतो आम्ही, रोज मुकाट खाली बसतो, त्या दिवशी बसेचना.

आता माझी चूक ऐका, ती मी लपवत नाही. आमच्याकडे प्लांट मंदावला की शेणकाला आणि गुळाचं पाणी सोडतात, जिवाणूंना बळ येतं, दरवेळी आलेलं पाहिलं होतं. मी तीन दिवस बादल्यांवर बादल्या ओतल्या. आणि टाकी आणखीनच घाण मारायला लागली. खाणारे मेलेले आणि मी आपली वाढतेय, वाढतेय. जेवायला घरी आले. माय तेव्हा माझ्याकडेच राहायची, तिला सांगितलं, तर म्हणे, बकरी तोंड लावेना तं तिले पाला कसाले दाखाडस? आधी तिनी काय खादं ते देख.

तशीच उठले. बाटलीला दोरी बांधली आणि ज्या ज्या ठिकाणी कारखान्याचं पाणी आमच्या लाईनीला मिळतं, तिथलं एकेक झाकण उचलत गेले, उन्हात, दोन दिवस. प्रत्येक बाटलीत थोडं औषध टाकायचं, क्रोम, म्हणजे लोखंड चमकवायला वापरतात तो धातू, असेल तर रंग फिरतो. एक बाटली जांभळासारखी झाली. लोखंडाला चमक चढवायचा कारखाना होता तो. त्यांनी आपलं क्रोमचं पाणी आधी स्वतः साफ करून मग सोडायचं असतं, त्यांनी जुनी टाकी थेट लाईनीत ओतली होती. जड धातू आहे तो, कुजत नाही, नासत नाही, जिवाणूच्या अंगात शिरतो आणि त्याची खायची ताकदच मारतो. ते मेले की पुढचं सगळं पाणी जसंच्या तसं नाल्यात.

आता त्या कारखान्याचे मालक आमच्या प्लांटच्या कमिटीवर. मॅनेजर साहेबांनी बोलावलं, म्हणे, अक्का, रजिस्टरात लिहा की तुमच्या पाळीत ब्लोअर चार तास बंद राहिला, हवा न मिळून जिवाणू मेले, सही करा, एक मेमो देतो, विषय संपला. मी म्हटलं, साहेब, ब्लोअरचा आवाज मला घरी गेल्यावरसुद्धा ऐकू येतो, तो बंद पडला आणि मला कळलं नाही? म्हणे, नोकरीचा विचार करा. म्हटलं, केला. आणि त्यांच्यासमोरच रजिस्टर ओढून बॉलपेननं लिहिलं, ब्लोअर चालू होता, क्रोम आलं, अमुक चेंबर, आणि खाली सही ठोकली.

मग कमिटीपुढे माफी मागायला बोलावलं. मी मायक्रोस्कोप उचलून घेऊन गेले. टेबलावर तो ठेवला, शेजारी जांभळी बाटली ठेवली, म्हटलं, या, पाहा. मालक हसले, म्हणे, एवढ्याशा किड्यांसाठी आमचा कारखाना बंद पाडता का बाई? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कारखाना तुमचा, किडे माझे, आणि माझे किडे राबतात म्हणून तुमचं गेट उघडं आहे. कोणी उठेना. शेवटी कमिटीतलेच एक म्हातारे नाना उठले, भिंगाला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, मेलेलेच हो सगळे.

कमिटीनं त्या कारखान्याची लाईन बंद केली, आधी पाणी साफ करायची तुमची सोय करा म्हणून. आणि मला? मला गाळाच्या गोण्या भरायला पाठवलं चार महिने. भरल्या. मेमो मात्र घेतला नाही. धुळ्याकडच्या प्लांटातून टँकरनं चांगला गाळ आणला, विरजण लावल्यासारखा आमच्या टाकीत घातला, महिन्याभरात वास बदलला. मला परत लॅबमध्ये घेतलं तेव्हा पहिल्या थेंबात एक घुंगरू दिसला, एकच, उघडा. रडले मी, कशाला खोटं बोलू.

माय आता नाही. पण मी अजून मंगळवारी दोरी आणि बाटली घेऊन निघते आणि त्याच कारखान्याचं झाकण आधी गाठते. वॉचमन म्हणतो, अक्का, इतकी वर्षं झाली, अजून भरवसा नही का? मी म्हणते, नाही. तुझं भलं होवो, तुझ्या मालकाचं भलं होवो, त्याच्या नातवंडांच्या पेल्यात निवळ पाणी येवो, पण तू झाकण उचल.