पन्नास मिली सोडा

...आणि वर मलाच विचारतात, त्रिवेणम्मा, एकोणीस वर्षं लॅबमध्ये काढली आणि एवढंसं गणित येत नाही? नाही येत! काय करू? तुम्हाला सांगते, आमच्या काचीगुड्याच्या कॉलेजात मी केमिस्ट्री लॅबची अटेंडर, बाटल्या धुवायला घेतलेली, पण पोरांच्या प्रॅक्टिकलचं एकूण एक सोल्यूशन ह्या हातांनी बनलंय. पॉइंट वन मोलर कॉस्टिक सोडा पाहिजे? एका लिटरला चार ग्रॅम, तेही झटपट तोलायचं, कारण सोड्याच्या त्या गोळ्यांना हवेत घाम फुटतो, मग बीकरमध्ये विरघळवायचं, गार होऊ द्यायचं, फ्लास्कात ओतायचं आणि मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी... रेघेच्या वर एक थेंब नक्को.

पण अटेंडरवरून लॅब असिस्टंट व्हायचं, तर लेखी परीक्षा. संधी तीन. पास झाले तर पर्मनंट, नाहीतर दर जूनला प्रिन्सिपॉल अप्पाराव सरांच्या दारात उभं राहून विचारायचं, सर, ह्या वर्षी आहे ना मी?

पहिल्या खेपेला प्रश्न आला, पंचवीस मिली सल्फ्युरिक ॲसिड मारायला, म्हणजे न्यूट्रल करायला, तेवढ्याच मोलरचा सोडा किती मिली लागेल. आता हे मला विचारायचं? दर वर्षी बघते की, पोरांची अख्खी ब्युरेट, ती पन्नास मिलीची नळी, रिकामी होते. लिहिलं पन्नास. मार्क किती? शून्य. म्हणे स्टेप्स कुठंयत. दुसऱ्या खेपेला स्टेप्स लिहिल्या, त्या कुठून कुठं गेल्या मलाच कळंना.

मग तिसऱ्या खेपेच्या आधी अपर्णा मॅडमना दया आली. मॅडम पुण्याच्या, नवऱ्याची आयटीत नोकरी म्हणून इकडं आलेल्या, बोलणं असं साखरेतलं... "हे बघा त्रिवेणीताई, अगदी सोप्पं आहे हं. आधी मोल काढा." दोन महिने जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मला शिकवलं बाईनं. मोल म्हणजे काय, तर डझन म्हणतो तसंच, पण डझनात बारा आणि मोलात इतके की आकडा वहीच्या ओळीत मावंना. मोलरला लिटरनं गुणा, मोल निघतात. मी पंचवीस मिली तसेच गुणले, तर मॅडम म्हणाल्या, हे पंचवीस लिटर झालं ताई, एवढ्या ॲसिडात आपलं डिपार्टमेंट बुडेल. हजारानं भागा. आणि ॲसिडच्या एका मोलाला सोड्याचे दोन मोल, हे विसरू नका. अंबरपेठहून बसमध्ये येताना मी ओठातल्या ओठात घोकायची, आधी मोल काढा, आधी मोल काढा... शेजारची बाई सरकून बसायची, तिला वाटलं ही कुठला मंत्र म्हणायलीय.

परीक्षेला बसले. आणि प्रश्न कोणता यावा? तोच! पंचवीस मिली ॲसिड, दोन्ही पॉइंट वन मोलर. हात म्हणाला, पन्नास लिही आणि ऊठ. म्हटलं नाही, तुझं एकदा ऐकून शून्य घेतलंय. आधी मोल काढा. काढले. हजारानं भागलं, दोननं गुणलं, सोड्याच्या पॉइंट वननं भागलं, सगळ्या स्टेप्स एकाखाली एक, अपर्णा मॅडमनी फ्रेम करून लावाव्यात अशा. उत्तर आलं पॉइंट झीरो फाइव्ह. प्रश्नात मिली विचारलंय. मी पेन धरून बसले. पॉइंट झीरो फाइव्ह मिली म्हणजे ब्युरेटचा एक थेंब हो! एका थेंबात एवढं ॲसिड मरत नाही, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. पण कागद म्हणतो तेच खरं असणार ना? शिकलेल्या लोकांचा कागद आहे. लिहिलं, पॉइंट झीरो फाइव्ह मिली. खाली दोन रेघा मारल्या.

दोन मार्कांनी गेली परीक्षा. अप्पाराव सरांनी पेपर समोर ठेवला, "एक बूंद में ॲसिड मरता क्या, त्रिवेणम्मा?" मी म्हटलं, नाही मरत सर. ते म्हणाले, मग लिहिलं कसं? अपर्णा मॅडम तर रडवेल्याच झाल्या, म्हणाल्या ताई, ते लिटर होते, फक्त परत हजारानं गुणायचं राहिलं. म्हणजे पन्नासच. आधी भागायचं, मग परत गुणायचं... मग भागायला कशाला लावलं होतं बाई?

मी मॅडमना खुर्चीत बसवलं. त्यांचाच डबा उघडून त्यांच्यापुढं सरकवला. दोन महिन्यांत बाई धड जेवल्या नव्हत्या.

सोमवारी नवा असिस्टंट आला, हर्षद, एम.एस्सी. पोरगा गुणी आहे, नाव ठेवणार नाही. फळ्यावर उभ्या उभ्या सोड्याचे मोल काढले, स्टेप्स बरोबर, चार ग्रॅम बरोबर. मग वजनाच्या काट्यापाशी गेला आणि बटण दाबत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "आंटी, ये काटा चालू नहीं हो रहा."

मी प्लग लावून दिला.