तांदळातलं नाव

तुमी जन्मले तवा तुमाले कोनी विचारलं होतं का, राज्य कोनाचं पाह्यजे म्हनून? मले तं नाही विचारलं. मी गोव्यात जन्मली तवा तिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं, मी रांगत होती अन् भारताची फौज आली, पोर्तुगीज गेले. मायनं नाव ठेवलं होतं शेवंती. पुढं तिथल्या खानीवर ट्रक चालवाले कामरगावचा मानूस आला, त्याच्यासंग लगन झालं, अन् सासूनं ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिवाले लावलं, निर्मला. तवापासून मी निर्मलाच. वांगे पिकवते, मेथी पिकवते, कारंज्याच्या बजारात विकते, अन् औंदा तं ग्रामपंचायतीत निवडून आली.

काय सांगू तुमाले, माह्या गजूले परदेशी जायाचं होतं. तो म्हने, आई, पोर्तुगीज सरकार म्हनते त्याहिच्या राज्यात जन्मले ते त्याहिचेच, अन् त्याहिचे लेकरंबी. तुहं शेवंती नाव तिकडं नोंदवू दे, मंग मले जाता येते. म्या म्हटलं, नोंदव बाबा. आता लिस्बनात हॉटेलात भांडे घासून राह्यला, सून अन् नातबी तिकडंच.

निवडनुकीत माह्यासमोर हारलेल्या बबनले हे समजलं, त्यानं तक्रार केली, हे बाई परदेशी हाय, मेंबर कशी? वरून बजारात हाक मारते, ओ पोर्तुगीज काकू, मेथी कशी देल्ली? म्या म्हटलं, तुह्यासाठी डबल भाव रे, विदेशी माल हाय. लोकं हासते.

पन वकील हासत नाही. तो म्हनते, काकू, दोन देशाचं राह्यता येत नाही. तिकडचं सरकार म्हनते तुमी जन्मापासून आमच्या, इकडचं म्हनते मंग आमच्या नाही. दोन सरकारं एकमेकाले पत्रं लिवून राह्यले, अन् मधात मी. तो म्हने, सांगून टाका, ते शेवंती मी नाहीच. मंग मेंबरकीबी वाचते, मताचा हक्कबी वाचते.

फोनवर गजू रडते, आई, शेवंती तू नाही म्हटलं तं मी कोनाचा पोरगा? मले हाकलतीन. पन म्या म्हटलं, शेवंती मीच, तं मी इथं कोन? ज्या वावरात नवऱ्याले जाळलं, त्या वावरात मी परदेशी? कोन्याबी अंगानं हाललं तं फास आवळतेच.

सुनावनी आली हाय. मी दोनी नावं सांगनार, मायनं ठेवलेलं नाव नाही म्हनाले माही जीभ रेटत नाही. तुमी लिवून घेऊन राह्यले ना, मंग हे वाचनाऱ्याहिले सांगा. तुमच्या घरी लगनात नाव बदललेली बाई असन, तिले आज तिच्या मायनं ठेवलेल्या नावानं हाक मारा. वळून पाह्यलं तिनं, तं सरकारले दोन ओळी लिवा, का कामरगावच्या त्या बाईचे दोनी नावं खरे हाय, अन् ते बाई इथलीच हाय.