निळ्या कोटातली बाई

अण्णा : आलं का गो?

नलू : नाही, अण्णा. टीव्हीवर नुसत्या मुंग्याच आहेत. तुम्ही आधी खाली या बघू.

अण्णा : डिश जरा काळाचौकीकडे वळवतो. आता?

नलू : आता जास्त मुंग्या. अण्णा, कौल हललं! मला ऐकू आलं!

शेवंती : तुला काय गं, हेरंब शिंकायच्या आधी ऐकू येतं. दे त्याला इकडे. पोरावर लक्ष ठेवशील की सासऱ्यावर?

नलू : दोघंही चढतात, शेवंतीकाकू. पोराला निदान पाय धरून ओढता येतं. अण्णांच्या खाली तीन माळे आहेत.

शेवंती : पण काय ती डिश! छत्र्यांच्या काड्या, कोंबड्यांची जाळी, वर मंडळाच्या मखराचा चंदेरी कागद. चित्र नाही आलं तर मला द्या, सुकट वाळत घालीन.

नलू : आणि मधोमध हेरंबच्या दुधाच्या पावडरीचा डबा. भरलेला होता हो. पावडर पातेल्यात ओतून ठेवली, आता तिथेही मुंग्या.

अण्णा : शेवंते, ऐकतोय मी! संध्याकाळी अख्ख्या चाळीला फुकट परदेश दाखवतो, तेव्हा बोल.

नलू : केवढं खोकताय! गिरणीतला कापूस अजून छातीत आहे, आणि ती छाती घेऊन कौलांवर? केबल घेऊ म्हणाले होते ना हे?

अण्णा : रघु पैसे भरणार, मी बसून बघणार. संप झाल्यापासून बसूनच आहे. थांब, पार टोकाला जाऊन वळवतो.

नलू : टोकाला नको! आलं! अण्णा, चित्र आलं!

शेवंती : कुठे गं? मला तर नुसत्या—

नलू : काकू, पाया पडते तुमच्या, गप्प बसा.

अण्णा : आलं? काय दिसतंय?

नलू : एक... गोरी बाई. बातम्या देतेय. डावीकडे बसलीय.

अण्णा : रंगीत?

नलू : निळा कोट आहे.

अण्णा : साफ आहे ना? नाहीतर अजून थोडं पुढे सरकून—

नलू : एकदम साफ! हलवलंत तर जाईल. हळू उतरा. आधी डावा पाय. शिडी बघा, शिडी!

(अण्णा धापा टाकत खोलीत येतात. तिघं टीव्हीसमोर. पडदाभर मुंग्या.)

अण्णा : हं.

नलू : अण्णा, तुम्ही पडला असता. म्हणून मी...

अण्णा : संपात तुझी सासू रोज सकाळी सांगायची, आज मिटतोय म्हणे. वर डबा भरून द्यायची.

शेवंती : आणि तुम्ही जायचात?

अण्णा : गेटपर्यंत. डबा खायचा आणि परत. कुठे बसलीय म्हणालीस ती बाई?

नलू : ...डावीकडे.

अण्णा : हां. निळा कोट. बरी आहे. शिडी राहू दे तिथेच, नलू. उद्या हिचा आवाज तेवढा आणतो.