दीपेश नाखवाला बोट लागते

नाही, पण मी म्हणतो, आडनाव नाखवा असलं म्हणून माणसाला समुद्र आवडलाच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? आमच्या बिल्डिंगमधले सोनारकाका जन्मभर पोस्टात शिक्के मारत होते, त्यांना कधी कुणी म्हणालं का, काका, एवढी बांगडी जोडून द्या, तुमच्या रक्तातच आहे? नाही ना? मग आमच्या दीपेशच्याच मागे का लागले सगळे?

तुम्हाला सांगतो, हा दीपेश माझगाव कोळीवाड्यातला. आजा होडीचा नाखवा, बाप नाखवा, मामा लहू अजून रोज समुद्रात जातो, आई गुणवंती मासळी बाजारात अशी बसते की गिऱ्हाइकाची भाव करायची हिंमत होत नाही... आणि हा? हा परळला विमा कंपनीत, एसीत बसून, लोकांच्या अपघातांचे कागद तपासतो. आणि पाण्याला घाबरतो. म्हणजे थोडंथोडकं नाही हो. मरीन ड्राइव्हला गेला तर कट्ट्यावर समुद्राकडे पाठ करून बसतो. घारापुरीची लेणी त्यानं आजवर फक्त फोटोत बघितलीत, कारण तिथं जायला लाँच लागते, आणि लाँच लागली की त्याला ती लागतेच.

लहान होता तेव्हा बापानं एकदा हौसेनं होडीत घातला. धक्का सुटला तसं याच्या पोटातलं सगळं बाहेर आलं आणि त्या रिकाम्या जागेत जी भीती शिरली ती आजतागायत भाडं न भरता राहतेय. बापानं होडी फिरवली, याला उचलून धक्क्यावर ठेवलं आणि निघून गेला. रागावला नाही, काही नाही. फक्त पुन्हा कधी 'चल' म्हणाला नाही. बस, ते याच्या जिव्हारी लागलं. पुढे बाप काविळीनं गेला, घरीच, पलंगावर, आणि तो 'चल' राहिला तो राहिलाच.

पण गंमत बघा, याला होड्या भारी आवडायच्या. पाण्यातल्या नाही, जमिनीवरच्या. दुरुस्तीला वर ओढलेली होडी असते ना, कलती, कोरडी... तिच्या पोटाखालच्या सावलीत हा पोरगा दुपार दुपार बसायचा. फळ्या कशा वळल्यात, कुठे खिळा, कुठे फटीत कापूस भरलाय, ते बोटानं चाचपायचा. त्यातूनच पुढे हा छंद लागला, लाकडी जहाजांची मॉडेलं करायचा. जहाज आहे, डोलकाठी आहे, शीड आहे, पाणी नाही. याहून सुखाची गोष्ट कुठली?

आता छंद म्हटला की माणसं आली. चिंचपोकळीला स्टेशनच्या मागे संघर्ष नावाच्या एकाचं वर्कशॉप आहे. बक्षिसाच्या लाकडी ढाली करतो तो, पण रविवारी सकाळी मशिन बंद, भुसा झाडायचा आणि जहाजं काढायची. मंडळी मोजकीच. फणसवाडीचे शामराव, निवृत्त मास्तर, इतिहासाचे, वाक्य सुरू केलं की पूर्णविरामापर्यंत कुणाला उतरू देत नाहीत. दादरची अनुजा, दातांची डॉक्टर, दवाखान्यातला चिमटा आणून दोऱ्यांच्या गाठी मारते आणि गाठ सैल बसली की 'आ करा' म्हणते, सवयीनं. आणि संघर्ष स्वतः. त्यात हा गेला. शामरावांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "आपलं आडनाव?"

"नाखवा."

"नाखवा? म्हणजे साक्षात दर्यावर्दी. अहो, आम्ही पुस्तकं वाचून करतो, तुमच्या रक्तातच आहे हो."

तिथे, त्या क्षणी सांगायचं होतं ना, की सर, मला बोट लागते. पण नाही सांगितलं. का नाही सांगितलं? तर कोळीवाड्यात हा म्हणजे 'तो ओकणारा', आणि इथे पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याकडे मान वर करून बघितलं. कोण सोडेल हो? हसला नुसता. झालं, अडकला.

मग काय, प्रत्येक गोष्टीला नाखवाला विचारा. नाखवा, हे सुकाणू एवढं मोठं असतं का? नाखवा, हा दोर कुठं बांधतात? यानं एक युक्ती काढली. डोळे बारीक करायचे, पंख्याकडे, म्हणजे लांब क्षितिजाकडे बघितल्यासारखं बघायचं आणि सावकाश म्हणायचं, "ते वाऱ्यावर असतं." काही विचारा, ते वाऱ्यावर असतं. आणि तुम्हाला सांगतो, चालून गेलं. अनुजा तर कौतुकानं मान हलवायची, "बघा, रक्तातच आहे." आणि हा घरी येऊन रात्रभर घामाघूम, की एक दिवस हे सगळं बाहेर येणार... बाहेर येणं हा शब्द त्याच्या बाबतीत आणखीच वाईट.

आणि आलाच तो दिवस. सगळ्यांनी मिळून एक गलबत करायला घेतलं होतं, जुनं शिडाचं, शामरावांच्या नकाशावरून. फळ्या बसल्या, डोलकाठी उभी राहिली आणि शिडावरून भांडण पेटलं. गलबत वळताना शीड डोलकाठीच्या पुढून फिरतं की मागून? शामराव म्हणाले पुढून. अनुजा म्हणाली मागून, तिनं व्हिडिओ बघितला होता. संघर्ष म्हणाला, "ए नाखवा, तू बोल ना, फायनल कर, मला दोर कापायचाय." यानं डोळे बारीक केले, पंख्याकडे बघितलं. "ते वाऱ्यावर असतं."

"मग वाऱ्यात जाऊन बघू," शामराव म्हणाले. "तुमच्या मामांची होडी आहे ना?"

...त्या वेळी दीपेशचं तोंड म्हणजे, कसं सांगू, अनुजानं इंजेक्शन न देता दाढ धरावी तसं.

घरी येऊन आईच्या विनवण्या. "आई, मामाला सांग ना, मशीन बिघडलंय म्हणावं." गुणवंतीबाई कोलंबी सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "लहूनं होडी धुऊन ठेवलीय. जुनं शीड पन काढलंय. सगल्यांना सांगत सुटलाय, माजा भाचा येतोय होडीवर." म्हणजे मागे फिरायचा रस्ता मामानंच बंद केला. मग हा रोज मोबाईलवर हवामान बघायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा एक मुंबईकर मनापासून वादळाची वाट बघत होता, तेही जानेवारीत. आकाश निळंभोर. ऑफिसमध्ये बुडालेल्या ट्रॉलरची एक फाईल आली, ती यानं न उघडता शेजारच्या टेबलावर सरकवली. आल्याचे तुकडे चघळून पाहिले. कुणीतरी म्हणालं झोपाळ्यावर सराव कर, तर बागेतल्या झोपाळ्यावर जाऊन बसला. चाळिशीचा माणूस, शर्ट खोचलेला, डोळे मिटून झोके घेतोय आणि तोंडानं पुटपुटतोय, काही नाही, काही नाही... वॉचमन आला, "ओ साहेब, हा लहान मुलांचाय." हा उतरला आणि झुडपात जाऊन ओकला. जमिनीवर हो. बागेत.

रविवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर सगळे हजर. शामराव टोपी घालून, अनुजा कॅमेरा घेऊन, संघर्षच्या हातात खोक्यात ते गलबत, समोर ठेवून ताडून बघायला. लहूमामानं सगळ्यांना नारिंगी जॅकेटं घातली. दीपेशनं पट्टे इतके आवळले की श्वास अर्धाच जात होता. शिडीवरून उतरताना शामराव मागून म्हणाले, "बघा कसा सावकाश, तोलून पाय टाकतोय. रक्तातच आहे." अहो, तोलून कसला, पाय उचलत नव्हता तो!

निघाली होडी. मशीन धडधडतंय, गोदीतली मोठमोठी जहाजं बाजूला उभी, शामराव कोणतं कशाचं ते सांगतायत, अनुजा फोटो काढतेय, सगळ्यांना मजा. हा मागे मामाच्या पायाशी, दोन्ही हातांनी फळी धरून, नजर स्वतःच्या बुटावर. बाहेर मोकळ्यावर आल्यावर मामानं मशीन बंद केलं, जुनं शीड वर चढवलं. वारा भरला. "बघा आता नीट," मामा म्हणाला.

आणि तेवढ्यात मोठी जहाजं ओढणारा एक टग गेला. म्हणजे लांबूनच गेला, पण त्याच्या मागून ज्या लाटा आल्या... पहिलीलाच होडी अशी कलली की शामरावांचं वाक्य मधेच तुटलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा. दुसरीला अनुजा कडेवर वाकली आणि 'आ' न सांगता आ केला. संघर्ष त्या खोक्याला मिठी मारून खाली बसला, "मामा, अपुन इधरच उतरतो, थांबव ना." इथे कुठे उतरतोस बाबा? आणि नेमका दोर कप्पीत अडकला, शीड फडफडायला लागलं, ती लाकडी आडकाठी डोक्यावर थडथडतेय. मामानं होडीचं तोंड लाटेकडे केलं आणि दीपेशची कॉलर धरून त्याला उठवलं. "पोऱ्या, सुकानू धर. असाच धर. मी येईपरत हलवू नको."

आणि मामा गेला पुढे.

आता तुम्हीच सांगा, या माणसाच्या मनात काय झालं असेल? सुकाणू हातात, समोर लाट, मागे लाट, आणि तीन शहाणीसुरती माणसं याच्याकडे असं बघतायत, जसा काही हाच आता सगळं थांबवणार. शामराव हात जोडून म्हणाले, "नाखवा, सांभाळा." याला ओरडायचं होतं, मला येत नाही हो काही, मी विमा कंपनीत आहे. पण जबडा उघडेना. हात दगड झाले. मान दगड. भीतीनं माणूस थरथर कापतो म्हणतात ना, त्याच्याही पुढची पायरी असते, तिथे काहीच हलत नाही. हा तिथं पोचला. डोळे घट्ट मिटले आणि मनात एकच, बाबा... बाबा... बाबा...

वर काहीतरी धाडकन फिरलं. होडी उचलली, आपटली, पुन्हा उचलली. आणि मग हळूहळू शांत झाली.

मामा परत आला तेव्हा याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. "काय सरल धरलंस रं," मामा म्हणाला. "एक बोटभर हलला नाय."

"हलणार कसा?" शामरावांचा रंग अजून परत आला नव्हता, पण आवाज आला. "रक्तातच आहे त्याच्या."

तेव्हा दीपेश फुटला. "नाही आहे," म्हणाला. "सर, नाही आहे माझ्या रक्तात. मला बोट लागते. लहानपणापासून. मला पाण्याची भीती वाटते, मला शिडाचं काही कळत नाही, वारं-बिरं काही माहीत नाही मला, मी नुसता पंख्याकडे बघत होतो." आणि एवढं बोलून कडेवर वाकला, अनुजाच्या शेजारी, आणि इतक्या वर्षांचं सगळं समुद्राला देऊन टाकलं.

लहूमामा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "बापसावर गेलास."

"काय?"

"तुजा बापूस. रोज निघायच्या आदी धक्क्यावर ओकायचा. आमी तोंड फिरवून उभं राहायचो. तुला नाय म्हाईत?"

नाही हो, कसं माहीत असणार? हा वेडा इतकी वर्षं समजत होता की शूर बापाच्या पोटी आपणच एक असे निघालो. धक्क्यावर उतरला, कुणाचा निरोप न घेता तडक बाजारात, आईच्या पाटीसमोर जाऊन उभा. "आई, बाबा ओकायचे?"

गुणवंतीबाईंनी पापलेटावरच्या माश्या हाकलल्या. "हलू बोल, गिऱ्हाईक हाय." मग गिऱ्हाईक गेल्यावर, खालीच बघत, "व्हय. रोज. तुला होडीतून परत आनला त्या रातीला रडला. म्हनला, पोराला माजंच लागलंय, याला परत नाय नेनार."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला वाटायचा बापूस वाघ हाय. तेला ते बरं वाटायचं."

दीपेश तिथेच, बर्फाच्या पाण्यात, बुटांसकट उभा. "मग इतकी वर्षं जायचे कसे?"

"कसं म्हंजे?" गुणवंतीबाई म्हणाल्या. "ओकायचं, तोंड धुवायचं आनि जायचं. घरात तुमी खानारी होता."

एवढं झालं, वाटलं होतं आता तरी सुटेल बिचारा. रविवारच्या मंडळींना सगळं कळलंच होतं. पुढच्या रविवारी चिंचपोकळीला गेला, खाली मान घालून. शामराव उठून उभे राहिले, याला स्वतःची खुर्ची दिली. पुन्हा रक्ताचं नाव कुणी काढलं नाही. शिडाचा निकाल? तो कसला लागतोय, शीड फिरलं तेव्हा सगळ्यांचेच डोळे मिटलेले. संघर्षनं ते गलबतावर गुंडाळूनच बांधून टाकलं, भांडण संपलं, अनुजानं गाठ मारली.

पण लहूमामाचं काय करायचं? त्याला कोण समजावणार? सुकाणू इतकं सरळ धरणारा माणूस त्याला उभ्या जन्मात मिळाला नव्हता म्हणे. आता दर सुट्टीला सकाळी खिडकीखाली उभा राहतो आणि हाक मारतो, "दीपेश, चल रं." आणि हा... अहो, त्या एका 'चल'साठी इतकी वर्षं थांबलेला माणूस, नाही कसं म्हणणार? येतो म्हणतो, मोरीत जातो, आणि ओकून घेतो.